वाघनळी घाटाची लढाई टेबलावर कशी मांडावी

डोंगरातली लढाई युद्धखेळ म्हणून टेबलावर मांडायची म्हटली की बहुतेक मंडळी आधी सैन्य मोजायला बसतात. इकडे किती तुकड्या, तिकडे किती तोफा. डोंगर उरलेल्या वेळात उरलेल्या पुठ्ठ्यातून होतो. मग घाट म्हणजे नुसता उंच केलेला सपाट पट राहतो आणि ज्याचे फासे बरे पडतात तो जिंकतो. इथली पद्धत उलटी आहे: आधी जमीन, मग पाणी, मग खेचरे आणि सैन्य सगळ्यात शेवटी. दिवाळीचे किल्ले केलेल्या चार-पाच जणांना पट तयार करायला दोन आठवडे पुरतात. खेळायला एक अख्खी दुपार लागते.

प्रसंग आधी पक्का करा

युद्ध काल्पनिक, जमीन मात्र खरी घ्या. इंदूरकरांना त्यासाठी लांब जायला नको. माळव्याचे पठार जिथे तुटते आणि निमाडात उतरते तो विंध्याचा कडा महूच्या पलीकडेच आहे. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटरवर, खाली नर्मदेकाठचे महेश्वर १५० च्या आसपास. मधला उतार जाम घाटासारख्या वाटांनी उतरावा लागतो. अहिल्याबाईंनी १७९१ मध्ये बांधलेला जाम दरवाजा त्याच वाटेच्या माथ्यावर आहे. तिथे एकदा जाऊन या. कड्यावर उभे राहून खालच्या रस्त्याची किती वळणे दिसतात आणि किती पोटात लपतात तेवढे मोजा. पट करताना हे आकडे कामी येतील.

या जमिनीवर आपला निर्णायक लढाईचा प्रसंग बसवायचा. अरणी नावाच्या कल्पित संस्थानात यादवी माजली आहे. पठारावर दरबार पक्ष, खोऱ्यात पंचायत पक्ष. पठारावर धान्याची कोठारे आहेत आणि खोऱ्यातून तिथे जाणारा गाडीरस्ता एकच, वाघनळीचा घाट. दिवस जूनच्या पहिल्या आठवड्यातला. मृगाचा पाऊस धरला की घाट चार महिने गाड्यांना बंद होईल. काळ साधारण १९२५ ते १९३० चा: बोल्टच्या रायफली, मोजक्या मशीनगन, खेचरांवरून नेता येणाऱ्या तोफा. विमाने नाहीत. विमान आले की पंचाचे काम दुप्पट होते आणि मजा निम्मी.

‘निर्णायक’ हा शब्द फुकट वापरू नका. लढाई निर्णायक व्हायला तीन गोष्टी लागतात: दुसरी वाट नसणे, दुसरी संधी नसणे आणि त्या जागेवर पोटापाण्याचे काही अवलंबून असणे. स्पेनच्या यादवीत १९३६ च्या जुलैपासून ग्वादारामाच्या खिंडींसाठी एवढी झुंबड उडाली, कारण माद्रिदला पाणी पुरवणारे जलाशय त्याच डोंगरांच्या कुशीत होते. ग्रीसच्या यादवीचा शेवट ऑगस्ट १९४९ मध्ये व्हित्सी आणि ग्रामोसच्या डोंगरांत झाला. पण त्याच्या महिनाभर आधी युगोस्लाव्हियाने सीमा बंद केली होती आणि डोंगरातल्या बंडखोरांची रसद तुटली होती. म्हणजे लढाईचा निकाल बराचसा गोळी सुटण्याआधीच लागतो. तो कसा लागतो हे पटावर दिसले पाहिजे.

नकाशा आणि मापे

सर्व्हे ऑफ इंडियाचा १:५०,००० चा नकाशा घ्या. त्यात १ सेंटीमीटर म्हणजे ५०० मीटर आणि समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, दर २० मीटरला. त्यावर ९ सेंमी × ६ सेंमीचा चौकोन असा निवडा, की वरच्या कडेला पठार, खालच्या कडेला पायथा आणि मध्ये एक खोल घळ येईल. हा ४.५ × ३ किलोमीटरचा मुलूख आपल्याला १८० × १२० सेंमीच्या पटावर आणायचा आहे. नकाशाच्या २० पट, म्हणजे पटावर १ सेंमी = २५ मीटर.

चौकोनात दर १ सेंमीवर उभ्या-आडव्या रेघा मारा. पटावर त्या दर २० सेंमीवर येतील. समोच्च रेषा एक सोडून एक घ्या, म्हणजे ४० मीटरची एक पायरी. पटावर ही पायरी २ सेंमी उंच धरा. ४०० मीटरचा कडा १० पायऱ्यांत २० सेंमी होतो. खऱ्या प्रमाणात तो १६ सेंमी हवा, म्हणजे आपण उंची सव्वापट केली. ती तशीच राहू द्या. डोळ्यांना कडा कड्यासारखा दिसतो आणि कोणाला कोण दिसते या हिशोबात काडीचा फरक पडत नाही. सगळ्या उंच्या एकाच प्रमाणात ताणल्या तर सरळ रेषा सरळच राहते.

नकाशा जसाच्या तसा उचलला तरी गावांची आणि डोंगरांची नावे बदला. खऱ्या नावांमुळे खेळाडू खरा इतिहास आणि खरे आजोळ मध्ये आणतात आणि पंचाशी वाद घालतात.

सांगाडा

थर्माकोलचा विचार सोडून द्या. सजावटीचे थर्माकोल १ जुलै २०२२ पासून देशभर बंद आहे आणि इंदुरात कचऱ्याच्या गाडीवर त्याचे तुकडे नेऊन देणे म्हणजे चारचौघांत शोभा. फ्रिज, कूलर, वॉशिंग मशीनच्या खोक्यांचा पाच पदरी गत्ता जास्त चांगला. तो साधारण ६-७ मिलीमीटर जाड असतो, वाकत नाही आणि सियागंजच्या ठोक दुकानांबाहेर किंवा रद्दीवाल्याकडे किलोवर मिळतो.

९ मिमीचा ८ × ४ फुटी एक प्लाय आणा आणि त्याचे २ × ४ फुटी चार तुकडे करून घ्या. तीन पटाला, चौथा पंचाच्या टेबलाला. तीन भाग वेगळे ठेवण्याचे कारण जिना. सहा फुटी अखंड पट सुदामानगरच्या कुठल्याही घराच्या जिन्यातून वळत नाही. प्रत्येक तुकड्याच्या खाली कडेने आणि मधोमध दोन इंच बाय एक इंचाची लाकडी पट्टी ठोका. ती नसेल तर वरचे ओले थर वाळताना प्लाय केळीच्या पानासारखा वर उचलतो आणि तिन्ही भागांचे सांधे जुळत नाहीत.

आता गत्त्याच्या भिंती. दर २० सेंमीच्या रेघेवर एक भिंत, तिची वरची कड म्हणजे त्या रेघेवरचा डोंगराचा छेद. नकाशावरच्या रेघेला समोच्च रेषा जिथे छेदते तिथे उंची टिपा, ती गत्त्यावर २० पट अंतरावर मांडा, ठिपके जोडा, कापा. एका भागाला १२० सेंमीच्या ४ आणि ६० सेंमीच्या ७ भिंती लागतात. तीन भागांच्या मिळून १२ आणि २१. कडेच्या भिंती दोन शेजारी भागांत तंतोतंत सारख्या हव्यात, म्हणून त्या एकावर एक ठेवून एकदमच कापा. लांब भिंतींना खालून निम्म्या उंचीपर्यंत आणि आखूड भिंतींना वरून निम्म्या उंचीपर्यंत खाचा पाडा. मग त्या एकमेकींत बसतात. खाच गत्त्याच्या जाडीपेक्षा केसभर जास्त ठेवा. घट्ट खाचेत भिंत दाबून बसवली की ती हमखास दुमडते.

चौकटींत वर्तमानपत्राचे चुरगाळलेले गोळे भरा, वर कागदी पट्ट्यांचे चार थर मैद्याच्या खळीने चिकटवा. खळीत किलोमागे चमचाभर मोरचूद घाला, नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात डोंगराला बुरशी येते. मोरचूद विषारी आहे. ही खळ मुलांच्या हाती देऊ नका आणि तिचे भांडे परत स्वयंपाकघरात नेऊ नका.

कागद कडकडीत वाळल्यावर पीओपी, म्हणजे प्लास्टर ऑफ पॅरिस. एवढ्या पटाला १० ते १२ किलो लागते. घमेल्यात आधी पाणी, मग त्यावर पीओपी भुरभुरवत जा. उलटे केले की गुठळ्या होतात. एका वेळी दोन वाट्या पाण्याला सुमारे तीन वाट्या पीओपी, त्याहून जास्त कालवू नका. आठ-दहा मिनिटांत ते आवळते आणि आवळायला लागलेल्या पीओपीत पुन्हा पाणी घातले तर वाळल्यावर त्याची भुकटी होते. थर ३ मिमीचा. कड्याच्या जागी ओले असतानाच जुन्या सुरीने आडव्या रेघा ओढा. इथला खडक बेसाल्टचा आहे, लाव्ह्याच्या थरांवर थर चढून झालेला, त्यामुळे कडे पायऱ्यापायऱ्यांचे असतात. हिमालयासारखी टोकदार शिखरे केलीत तर जमीन खोटी वाटते.

वरच्या रंगासाठी माळव्याची काळी माती मोफत आहे. पण तिचा लेप देऊ नका. ती पाण्याने फुगते, वाळली की आकसते आणि बोटभर भेगा पडतात. कपड्यातून चाळून घ्या, पाणी घालून पातळ केलेला फेविकॉल पृष्ठभागावर मारा आणि माती वरून नुसती पेरा. पठारावर काळी, उतारावर थोडा गेरू मिसळून तांबूस. झाडांना वाळलेल्या गिलक्यांचा काथ्या आणि आरा मशीनवरचा रंगवलेला भुसा पुरे.

झाडीबद्दल एक गोष्ट जवळजवळ सगळे चुकवतात. विंध्याच्या उतारावर साग जास्त आणि साग उन्हाळ्यात पाने टाकतो. जूनच्या पहिल्या आठवड्यात हे जंगल खराट्यांचे असते. त्यात माणूस दोनशे पावलांवरून दिसतो आणि वाळलेल्या पानांवरचा पायरव तर त्याआधी ऐकू येतो. म्हणून आपल्या खेळात रानाचा आडोसा नजरेपासून मिळत नाही आणि रानातून रात्री जाणारी तुकडी १० सेंमीच्या आत कोणी असेल तर ओळखली जाते. हाच प्रसंग श्रावणात लावला तर हे सगळे उलटे करावे लागेल.

रस्ता सुतळीने मोजा

पट कितीही सुंदर झाला तरी घाटरस्ता चुकला की लढाई चुकली. गाडीरस्त्याचा चढ १:२० धरा, म्हणजे २० मीटर चालल्यावर १ मीटर वर. ४०० मीटर चढायला ८ किलोमीटर रस्ता लागतो. पटावर ३२० सेंमी. तेवढी सुतळी कापा आणि कड्यावर टाचण्यांनी बसवा. ती सरळ बसणारच नाही, वळणावर वळण घालावे लागेल आणि घाट आपोआप नागमोडी होईल. ब्रशने अंदाजाने काढलेला रस्ता सव्वा मीटरच्या पुढे जात नाही आणि मग बैलगाड्या पायदळाच्या आधी माथ्यावर पोचतात.

खेचरवाट १:६ ची. तिला २.४ किलोमीटर, पटावर ९६ सेंमी. ही दुसऱ्या रंगाच्या दोऱ्याने घळीच्या कडेने न्या. तिसरी वाट म्हणजे वाट नसलेला उतार.

एक फेरी म्हणजे अर्धा तास. गाडीरस्त्यावर कोणीही एका फेरीत ४० सेंमी, खेचरवाटेवर २५ सेंमी. दोन्हींवर चढाचा वेगळा दंड नाही, कारण तो लांबीत आलेला आहे. उघड्या उतारावर २० सेंमी आणि वर चढताना प्रत्येक पायरीमागे ५ सेंमी वजा. सलग दोन फेऱ्या असे चढल्यावर एक फेरी बसावेच लागते.

डोंगरात चालण्याचा स्कॉटिश गिर्यारोहक नेस्मिथ यांचा १८९२ चा जुना हिशोब आहे: ५ किलोमीटरला एक तास आणि वर ६०० मीटर चढाला आणखी एक. तो हलक्या अंगाने चालणाऱ्यांचा. पाठीवर २५ किलो, हातात रायफल, पुढून गोळी येण्याची धास्ती, असा चढणारा तासाला ३०० मीटरही मुश्किलीने चढतो. आपले आकडे त्यावरून आले आहेत. पायथ्यापासून माथ्यापर्यंत गाडीरस्त्याने ८ फेऱ्या, खेचरवाटेने ४, थेट चढून विश्रांतीसकट ५. गाड्या खेचरांच्या दोन तास मागे राहणार. हल्ला करणाऱ्याचे पहिले कोडे तेच.

आंधळ्या जागा शोधा

वरून खाली सगळे दिसते हा समज पटावर मोडला पाहिजे. फुगीर उताराच्या माथ्यावर बसलेल्याला पोटाखालचे काही दिसत नाही. प्रत्येक जागेसाठी दोरा ताणत बसलात तर रात्र सरेल. त्याऐवजी जेल रोडच्या दुकानांतून ३ मिमीचा पांढरा एलईडी आणि सीआर २०३२ चा एक चपटा बटण-सेल आणा. एलईडीच्या दोन तारांमध्ये सेल चिमटीत धरला की तो पेटतो. खोलीत अंधार करा, एलईडी तुकडीच्या जागी जमिनीला टेकवून ठेवा. उजेड पडतो ते दिसते, सावली पडते ते दिसत नाही. सावलीच्या कडेने खडूने रेघ मारा. मोबाइलचा टॉर्च वापरू नका. त्याचा दिवा जमिनीपासून सेंटीमीटरभर वर राहतो, म्हणजे आपल्या उंचीच्या मापात २० मीटरच्या मचाणावर बसून पाहिल्यासारखे होते आणि निम्म्या आंधळ्या जागा नाहीशा होतात. एलईडीने फरक जेमतेम तीन मीटरचा राहतो.

हे काम खेळाच्या आदल्या रात्री पंचाने एकट्याने करावे. संभाव्य आठ-दहा जागांचा उजेड-सावलीचा नकाशा त्याच्याकडे तयार असला की खेळात भांडणे होत नाहीत.

मशीनगनची जागा ठरवतानाही हीच सावली बोलते. सपाट रानात मशीनगनची गोळी माणसाच्या उंचीवरून लांबवर झाडत जाते. तीव्र उतारावर वरून खाली मारलेली गोळी एका ठिपक्यात घुसते आणि संपते. म्हणून माथ्यावर, खिंडीच्या बरोबर मध्ये ठेवलेली मशीनगन रुबाबदार दिसते पण फार काही करत नाही. ती बाजूच्या सोंडेवर (डोंगराच्या बाहेर आलेल्या फाट्यावर), दोन-तीन पायऱ्या खाली ठेवून चढणाऱ्यांच्या ओळीला आडवी मारायला हवी. नियमात हे असे बसवा: मशीनगनला ३ फासे, पल्ला ६० सेंमी, पण सरळ उताराखाली मारताना १ फासा. साध्या तुकडीला १ फासा, पल्ला २४ सेंमी, म्हणजे ६०० मीटर. ५ किंवा ६ पडला की एक घाव. समोरचा दगडी मोर्चात असेल तर फक्त ६. चार घावांत तुकडी मोडते. खाली मारणाऱ्यांचा नेम वरून जातो, ही जुनी खोड आहे. म्हणून तीन पायऱ्यांहून अधिक खाली मारताना साध्या तुकडीलाही ६ च लागतो.

डोंगरी तोफांना पूर्ण पटाचा पल्ला द्या, २ फासे द्या, पण निशाणी पाहणारा माणूस आणि त्याच्यापासून तोफेपर्यंत टेलिफोनची तार हवी. तार खेचरवाट ओलांडत असेल तर दर फेरीला फासा टाका. १ पडला की खेचराच्या पायाने तार तुटली, दोन फेऱ्या तोफ गप्प.

पाणी

आता खेळाचा जीव. झरे पटावर मन मानेल तिथे ठेवू नका. बेसाल्टच्या भेगाळ थरातून झिरपणारे पाणी खालच्या चिवट, मातकट थरावर अडते आणि त्या सांध्यावर उताराबाहेर येते. त्यामुळे एका डोंगराचे झरे साधारण एकाच उंचीवर सापडतात. आपल्या पटावर सहाव्या पायरीवर दोन झरे ठेवा, एक वाघनळीच्या तोंडाशी, दुसरा पूर्वेच्या सोंडेखाली. प्रत्येकावर तीन तुकड्यांची तहान भागते. दरबारचे मागचे तळे पटाबाहेर, माथ्यापासून ३ किलोमीटरवर.

ही एक गोष्ट बचाव करणाऱ्याला पेचात टाकते. शहाणपण सांगते की डोंगराच्या धारेच्या पाठीमागच्या उतारावर बसा, तोफांपासून लपा आणि वर येणाऱ्याला धारेवर टिपा. पण तसे केले तर झरे चार पायऱ्या खाली, शत्रूच्या बाजूला राहतात. झरे राखायचे तर उघड्या उतारावर उतरून बसावे लागते. दोन्हीपैकी बरोबर कोणते याचे उत्तर नियमांत लिहू नका.

हिशोब असा. जूनच्या उन्हात चढणाऱ्या माणसाला दिवसाला ५ लिटर तरी पाणी लागते. पाण्याची एक चकती म्हणजे शंभर माणसांच्या तुकडीला चार तासांचे, साधारण १८० लिटर. खेचरावर ७० किलो ओझे धरले तर भांड्याचे वजन जाता ६० लिटर पाणी जाते. म्हणजे एका चकतीला तीन खेचरे. काडतुसांची चकती म्हणजे माणशी २५, एकूण २,५००. एका काडतुसाचे वजन २५ ग्रॅम, पेट्यांसकट एक खेचर. गोळ्यांपेक्षा पाणी तिप्पट महाग पडते हे खेळाडूंना खेळायच्या आधी सांगू नका, दहा वाजता कळेलच. तोफगोळा ९ किलोचा, एका खेचरावर आठ. ३.७ इंची डोंगरी तोफ स्वतः सुटी करून आठ खेचरांवर जाते.

प्रत्येक तुकडीला सुरुवातीला पाण्याच्या २ आणि काडतुसांच्या ४ चकत्या. गोळीबार केलेल्या प्रत्येक फेरीला काडतुसांची एक खर्च. पाण्याची एक चार तास, पण अकरानंतर दोनच तास. पाणी संपलेली तुकडी निम्म्या अंतराने चालते आणि ६ वरच घाव घालते.

सैन्य आणि यादवीचा फास

दरबार: ७ तुकड्या, २ मशीनगन, २ तोफा, २४ खेचरे. पंचायत: १८ तुकड्या, १ मशीनगन, २ तोफा, ६० खेचरे. तोफा वाहणारी खेचरे यातूनच. हल्ल्याला तिप्पट माणूस हा ढोबळ ठोकताळा, आपण त्याच्या थोडे आतच आहोत. ठोकळ्यांसाठी सुताराकडची बीडिंग पट्टी आणून ४ सेंमीचे तुकडे करा. शंभर माणसांची तुकडी १०० मीटरवर पसरते, तेवढेच ते माप आहे. शिसे किंवा प्लॅस्टिकच्या सैनिकांचा सोस इथे नको. एका पुतळ्याने पटावर शंभर मीटर अडतात आणि वळणे दिसेनाशी होतात.

यादवी म्हणून जे वेगळे असते ते मात्र नियमांत हवेच. दोन्हीकडे भाषा एक, गणवेश जवळजवळ एक, आणि अर्धी नाती समोरच्या बाजूला. दरबारच्या सातपैकी दोन तुकड्या खोऱ्यातल्या गावांच्या आहेत. कोणत्या, ते चिठ्ठी काढून फक्त पंचाला माहीत. अशी तुकडी सलग दोन फेऱ्या तहानलेली राहिली, किंवा शत्रूची तुकडी १० सेंमीच्या आत येऊन गोळी न झाडता थांबली, तर पंच गुपचूप फासा टाकतो. १: तुकडी हत्यारे ठेवते. २ किंवा ३: या फेरीत गोळी झाडत नाही, पण सेनापतीला तसे कळवत नाही. ४ ते ६: लढते. रात्री १० सेंमीच्या आत भेटलेल्या आपल्याच दोन तुकड्यांनीही फासा टाकायचा, १ पडला की एकमेकींवर गोळीबार. हा नियम कठोर वाटतो म्हणून लोक वगळतात आणि मग रात्रीची चाल फुकटची होते.

खेळ

पंचाचे काम करायला सगळ्यात जाणता माणूस द्या, सगळ्यात रिकामा नव्हे. प्रशियाच्या रायस्विट्झ यांनी १८२४ मध्ये सैन्याला दिलेल्या युद्धखेळातही पंचच केंद्रात होता आणि डोंगरात त्याला पर्याय नाही. दोन्ही पक्षांना वेगळ्या खोल्या, प्रत्येकाकडे साधा नकाशा, हुकूम चिठ्ठीवर. खरा पट फक्त पंचाच्या खोलीत. खेळाडू फक्त आपल्या सेनापतीच्या जागेवरून, वाकून, एक डोळा मिटून पटाकडे पाहू शकतो, तेही फेरीला अर्धा मिनिट. चिठ्ठी पोचायला खेचरवाटेइतकाच वेळ लागतो. पहिल्या तासाला कंटाळवाणे वाटते. नंतर कोणी उठत नाही.

सुरुवात रात्री २ वाजता, शेवट दुपारी २ वाजता, म्हणजे २४ फेऱ्या. दर फेरी दहा मिनिटांत संपवली तर चार तास. इंदूरच्या अक्षांशावर जूनमध्ये पावणेसहाच्या सुमारास उजाडते, त्यामुळे पंचायतीला अंधाराच्या सात फेऱ्या मिळतात. अमावस्या धरली तर अंधारात सगळी अंतरे निम्मी. पौर्णिमा धरली तर पूर्ण, पण उघड्या उतारावरची तुकडी ३० सेंमीवरून दिसते.

पंचायत जिंकते ती दुपारी दोनला खिंडीवर पाण्याची चकती हातात असलेल्या तीन तुकड्या आणि गाडीरस्ता पायथ्यापासून माथ्यापर्यंत गोळीच्या माऱ्याबाहेर असेल तरच. नुसता झेंडा लावला तर काही नाही.

पहिल्या खेळात पंचायतीचा सेनापती बहुतेक वेळा सगळे काही रस्त्यावर घालतो, कारण नकाशावर तो ठळक असतो. तिसऱ्या वळणावर तोफा, पाण्याची खेचरे आणि मागे वळणाऱ्या जखमींची डोली एकमेकांत अडकतात. १६६१ मध्ये उंबरखिंडीत मुघल सरदार कारतलबखानाच्या फौजेचे असेच झाले, पुढचे तोंड बंद आणि मागचेही. पंचाने अशा वेळी दया दाखवू नये: एका वळणावर ४ पेक्षा जास्त ठोकळे आले की कोणीच हलत नाही, तेही दोन फेऱ्या. दरबारवाल्यांची नेहमीची चूक वेगळी. ते सातही तुकड्या एका ओळीत धारेवर लावतात आणि हाताशी राखीव काही ठेवत नाहीत. मग पूर्वेच्या सोंडेवरून दोन तुकड्या वर आल्या की त्यांना तोंड द्यायला ओळीतून माणूस काढावा लागतो, आणि डोंगरात बाजूला सरकणे हे वर चढण्याइतकेच वेळखाऊ असते, कारण मध्ये घळ असते. दोन तुकड्या खिंडीमागे रिकाम्या बसवण्याचा धीर ज्याला होतो त्याच्याविरुद्ध जिंकणे अवघड.

दोन खेळ झाल्यावर बाजू बदला. एकच पक्ष दोन्हीदा जिंकला तर तुकड्यांना हात लावू नका, आधी खेचरे बदला. दरबारची चार खेचरे वाढवली तरी दुपारचा तोल स्पष्ट हलतो. तेवढ्याने भागले नाही तर एक झरा आटवा किंवा चंद्र बदला. तुकड्यांची संख्या शेवटी, आणि एका वेळी एकच.

खेळ संपल्यावर तिन्ही भाग उभे, एकमेकांना पाठ लावून, भिंतीपासून चार बोटे दूर ठेवा. पावसाळ्यात जमिनीवर आडवा ठेवलेला पट खालून ओल धरतो आणि खडूच्या रेघांआधी सुतळीचा रस्ता सुटतो. तो सुटलाच तर परत ३२० सेंमी मोजूनच लावा.